आधी जॅकेट, मग होडी

मैत्रिणींनो, धरणाच्या काठावर, तलावावर किंवा बंदराच्या धक्क्यावर लोकांचं बोलणं कधी कान देऊन ऐकलंय? "ताई, जॅकेट घाला," असं नावाड्यानं म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. "राहू दे हो, पाच मिनिटांचा तर प्रवास." "पाणी कसं शांत आहे बघा." "त्याला केवढा घामाचा वास येतोय!" "साडी चुरगळेल, फोटो कसा येईल?" आणि सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे, "लागलंच तर घालू की!"

आजचं बोलणं या शेवटच्या उत्तराबद्दल आहे. कारण जॅकेट घालायला बायकांचा विरोध नसतो. आपण फक्त ते पुढे ढकलतो. वारा सुटला तर घालू, लाटा आल्या तर घालू, होडी हलायला लागली तर घालू. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण होडी उलटते तेव्हा ती आधी कळवून उलटत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातली गोष्ट आठवा. २३ जानेवारी २०२४ ची सकाळ. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर गावच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. सहलीला नव्हे, मजुरीला! नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथे काम. लहानशी नाव मध्येच उलटली आणि सहा जणींचा जीव गेला. घरून भाकर बांधून निघालेल्या सहा बाया. पावसाळा नव्हता, पूर नव्हता, नदी रोजच्या ओळखीची होती.

त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले, बाकीचे सहा गेले. त्यात आई-बापाबरोबर असलेली दोन चिमुकलीही होती. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी वळवाचा वारा किती वेळात सुटतो हे तुम्हा-आम्हाला काय सांगायचं? दोरीवरचे कपडे काढेपर्यंतही तो थांबत नाही. मग भर पाण्यात, हलत्या होडीत, कडेवर मूल घेऊन जॅकेटचे तीन-तीन पट्टे बांधायला तो सवड देईल का?

आणि १८ डिसेंबर २०२४. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' ही प्रवासी बोट. दुपारी चारच्या सुमाराची वेळ, पावसाळा केव्हाच संपलेला, बोटीवर शंभराहून जास्त माणसं. इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून येऊन धडकली. पंधरा जणांचा मृत्यू झाला. अंगावर जॅकेट नव्हती, असं वाचलेल्या अनेक प्रवाशांनी सांगितलं. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. आपल्याकडे नियम बहुतेक वेळा असा माणसं गेल्यावरच येतो.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. धोका दिसला आणि मग तयारीला वेळ मिळाला, असं कुठेच झालं नाही. म्हणूनच "लाइफ जॅकेट केव्हा घालायचं?" या प्रश्नाला एकच सरळ उत्तर आहे. जमिनीवर असताना, होडीत पाय टाकण्याआधी. आणि काढायचं केव्हा? दोन्ही पाय पुन्हा जमिनीला टेकल्यावर. मधल्या वेळात नाही. फोटोसाठी नाही, बाळाला पाजायला नाही आणि "आता काय, काठ आलाच" म्हणूनही नाही. उलट होडीत चढता-उतरताना तोल जाण्याची भीती जास्त. एक पाय शेवाळलेल्या पायरीवर, दुसरा हलत्या फळीवर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर. पाय घसरायला आणखी काय हवं?

बुडणारं माणूस ओरडत नाही

सिनेमात बुडणारी नायिका "वाचवा, वाचवा" म्हणून हात हलवते. खऱ्या पाण्यात असं होत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात माणूस श्वास घेईल की हाक मारील? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबायला लागतात, हलवून इशारा करता येत नाही. जीवरक्षकांच्या अभ्यासातून दिसलंय, की पोहता न येणारं माणूस अशा धडपडीत साधारण वीस सेकंद ते एक मिनिट टिकतं. तेवढ्या वेळात बाकावरून उठून, फळीखालचं जॅकेट ओढून, कुणाकडे तरी फेकणं कुणाला जमणार? आणि ते हातात आलं तरी पाण्यात घालायचं कसं? कधी तरी तलावावर पोहणाऱ्या एखाद्या मुलाला करून बघायला सांगा. चांगल्या पोहणाऱ्याचीही दमछाक होते.

त्यात आपली गोष्ट आणखी वेगळी. गावातली पोरं विहिरीत, नदीत डुंबून पोहायला शिकतात. मुलींना "घरी बस" म्हणतात. त्यामुळे होडीतल्या बायकांपैकी पोहता येणाऱ्या किती, हे तुम्हीच मोजा. पाण्यात साडी पायांभोवती गुंडाळली जाते, पाय मारता येत नाहीत. पदर गळ्याशी येतो. आणि आईचे हात कधी मोकळे असतात का? ते आधी लेकराला धरतात.

"मला येतं पोहायला" म्हणणाऱ्या मैत्रिणींनाही एक सांगायचंय. होडी उलटताना कठड्याचा, बाकाचा किंवा दुसऱ्याच्या कोपराचा फटका डोक्याला बसला, तर पोहण्याची विद्या कामाला येत नाही. घाबरलेली चार माणसं गळ्यात पडली, तरी येत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०२३ सालच्या बोट अपघातांचा हिशेब मांडला. बुडून गेलेल्या ज्या लोकांच्या जॅकेटची माहिती मिळाली, त्यांतल्या शंभरातल्या ८७ जणांनी ते घातलेलंच नव्हतं. ही तिथली गत!

उलट पाण्याशी ज्यांचं रोजचं नातं आहे, त्यांची शिस्त बघा. २०१७-१८ मध्ये आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्याहून निघून त्या गोव्यालाच परतल्या. पुढे २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी त्याच 'तारिणी'तून तोच पराक्रम केला. अशा लांबच्या सफरींत डेकवर वावरताना माणूस नुसतं जॅकेट घालत नाही, तर पट्ट्याने स्वतःला बोटीशी बांधूनही घेतो. लहान मुलांच्या 'ऑप्टिमिस्ट' नावाच्या छोट्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती असतात. त्यांत जॅकेटशिवाय पोराला उतरूच देत नाहीत. समुद्र जिंकणाऱ्यांना जे घालायची लाज वाटत नाही, ते धरणावरच्या अर्ध्या तासाच्या फेरीत आपल्याला का वाटावी?

जॅकेट घातलं म्हणजे काय काय बघितलं?

मोटारसायकलवर हेल्मेट कोपराला अडकवून फिरणारे महाभाग आपण रोज बघतो. जॅकेटचंही तसंच होतं. खांद्यावर टाकलेलं, पट्टे उघडे, किंवा चक्क बसायला आसन म्हणून खाली घेतलेलं! त्यानं आतला फोम दबून त्याची तरंगण्याची ताकद कमी होते, आणि वेळेला तर ते अंगावरच नसतं. तेव्हा धक्क्यावर एवढं बघून घ्या.

पहिलं म्हणजे माप. जॅकेटच्या आत किती किलो वजनाच्या माणसासाठी आहे हे लिहिलेलं असतं. ते वाचा. सगळे पट्टे, चेन, बकल लावून आवळा. मग बरोबरच्या बाईला सांगा, "माझं जॅकेट खांद्याशी धरून वर ओढ बरं." ते कानापर्यंत वर आलं, तर पाण्यातही तसंच वर सरकेल आणि आपण खालून निसटू. मग पट्टे पुन्हा आवळा नाहीतर लहान माप मागा.

दुसरं, जॅकेट सगळ्यांत वर. स्वेटर, रेनकोट, शाल काही असलं तरी त्याच्यावरून. पदर आधी कमरेला घट्ट खोचून घ्या, ओढणी असेल तर बांधून टाका किंवा पिशवीत ठेवा. शक्य असेल त्या दिवशी सलवार-कमीज घातलेली बरी. काही जॅकेटना पायांमधून घ्यायचा पट्टा असतो. तो अंगावरचं जॅकेट वर सरकू देत नाही, म्हणून लोंबत सोडू नका. नऊवारीवर तो सहज बसतो. सहावारीत तो जमला नाही, तर निदान कमरेचे पट्टे नीट आवळलेले हवेत.

तिसरं, कोणतं जॅकेट कशासाठी. पाण्यात माणसाचं वजन फार कमी भरतं, त्यामुळे तरंगायला थोडाच आधार पुरतो. ५० न्यूटन लिहिलेलं जॅकेट म्हणजे साधारण पाच किलोचा आधार. ते पोहता येणाऱ्यांसाठी आणि काठाजवळच्या खेळांसाठी. १०० किंवा १५० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं जॅकेट माणसाला उताणं ठेवून तोंड पाण्याबाहेर राखण्यासाठी बनवलेलं असतं. पोहता न येणाऱ्यांना हेच हवं. शिट्टी लावलेली असेल तर उत्तमच. घशातून आवाज फुटला नाही तरी शिट्टी वाजवता येते. फाटलेलं, शिवण उसवलेलं, आतला थर्माकोल चुरा झालेलं जॅकेट कुणी दिलं, तर सरळ परत करा. फाटकी नोट आपण दुकानदाराकडून घेतो का?

चौथं, लेकरं. लेकराचं जॅकेट वेगळं आणि त्याच्याच मापाचं हवं. मोठ्यांचं जॅकेट लहानग्याला घातलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून येतं. आणि "माझ्या मांडीवरच तर आहे" हा भरवसा सोडा. धक्का बसला की आईच्या मिठीतूनही मूल सुटतं. जत्रेत फुगेवाल्यापाशी हात सुटतो, इथे तर होडी उलटत असते. लहान मापाचं जॅकेट नसेल, तर त्या होडीत मूल न्यायचं नाही.

आणि पाचवं. दोन मजली लाँच असेल तर जॅकेट घालून खालच्या बंद खोलीत बसू नका. पाणी आत शिरलं तर अंगावरचं जॅकेट छताकडे ढकलतं आणि दाराशी पोचणं अवघड होतं. उघड्या जागेजवळ बसा. भाऊचा धक्का ते मांडवा अशा मोठ्या रो-रो जहाजाची गोष्ट वेगळी, तिथे सगळ्या प्रवाशांना जॅकेट घालून बसवत नाहीत. पण ती ठेवलीत कुठे आणि बाहेर जायची वाट कुठली, एवढं चढल्याचढल्या बघून ठेवायला काय हरकत आहे?

जॅकेट मोजली की माणसं मोजली जातात

कुणी म्हणेल, जॅकेट घातलं म्हणजे सगळं झालं का? मुळीच नाही. गर्दीने भरलेली होडी ही गर्दीने भरलेली होडीच. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून नात्यागोत्यातली अकरा माणसं गेली. दशक्रियेसाठी जमलेलं कुटुंब होतं ते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेट काहीच मुलांच्या अंगावर होती. त्याआधी १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट बुडाली, तीन मुली गेल्या. फोटो काढायला सगळे एका बाजूला आले, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

म्हणूनच जॅकेट मागण्याचा दुसरा फायदा लक्षात घ्या. "प्रत्येकाला एक जॅकेट, तरच आम्ही बसू," असं म्हटलं, की नावाड्याला माणसं मोजावीच लागतात. पंधरा जॅकेट असलेल्या होडीत पंचवीस जणांना कोंबताच येत नाही. भांडण नको, कायद्याचं पुस्तक नको. एका मागणीत दोन कामं.

आणि ही मागणी बायकांनीच करायची, असं मला वाटतं. का? सहलीचा डबा, औषधं, मुलांच्या टोप्या, सासूबाईंची शाल, सगळं आठवणीनं कोण घेतं? आपणच ना! मग धक्क्यावर पोचल्यावर मात्र "ह्यांनी नाही म्हटलं" म्हणून गप्प का बसायचं? घरातल्या पुरुषांना जॅकेट घालणं कमीपणाचं वाटतं, भावजींना हसू येतं, मोठा मुलगा "आई, काय हे!" म्हणतो. हसू द्या. आधी आपण घाला, पट्टे आवळा, आणि मग शांतपणे सांगा, "तुम्ही घातल्याशिवाय मी पाय टाकणार नाही." आईला जॅकेटमध्ये बघितलेलं मूल पुढच्या वेळी स्वतःहून मागतं.

वासाचीही तक्रार खरी आहे, ती खोटी म्हणायची नाही. पण त्यावर उपाय सोपा आहे. गळ्याशी एक सुती रुमाल घ्या. आणि बोटवाल्याला सांगा, की जॅकेट गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवत जा. चार गिऱ्हाइकांनी सांगितलं की तो ऐकतो.

पण मघाच्या गणपूरच्या बायांचं काय? त्यांना कोण विचारणार होतं, "ताई, जॅकेट देऊ का?" सहलीला गेलेली बाई होडी नाकारू शकते. मजुरीला निघालेली बाई नाकारू शकत नाही, तिचा दिवस बुडतो. तिला सावधगिरीचे धडे देऊन भागणार नाही. तिच्या हातात जॅकेट द्यायला हवं. कोयनेच्या जलाशयाकाठी, नर्मदेच्या फुगवट्यात, वैनगंगेच्या काठाने अजूनही बाजार, दवाखाना, शाळा, शेत यांसाठी होडीत बसावं लागतं. तिथे जॅकेट ही रोजची गरज आहे, एसटीच्या थांब्यासारखी.

यासाठी वाट नाही असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्येच बोटींच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशांतर्गत जलयानांचा नवा कायदा २०२१ मध्ये आला. कागद तयार आहेत, ते धक्क्यापर्यंत पोचवायचं काम राहिलंय. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. तिथे हा विषय मांडा. गावच्या होडीत किती माणसं बसतात, तेवढी जॅकेट, लहान मापाचीही, आणि ती ठेवायला धक्क्यावर एक पेटी. मजुरीला बायका बोलावणाऱ्या शेतमालकाला, मुकादमाला स्पष्ट विचारा, "नदी ओलांडून नेताय, तर जॅकेटची सोय काय?" बचत गटाला जमत असेल, तर दरवर्षी दोन-चार घेत जा. एका बऱ्या साडीच्या किमतीत एक जॅकेट येतं, आणि नीट ठेवलं तर ते साडीपेक्षा जास्त वर्षं टिकतं.

पाण्याला आपण आई म्हणतो, तिची ओटी भरतो, नारळ वाहतो. करावंच. तिच्यावर श्रद्धा असावी, पण तिच्या लाटेला आपलं लेकरू ओळखू येत नाही, हेही ध्यानात असावं. येत्या सुट्टीत भिगवणला पक्षी बघायला जाल, तापोळ्याला जाल, तारकर्लीला जाल किंवा साधं पलीकडच्या गावी हळदीकुंकवाला जाल. जरूर जा, मजा करा, फोटोही काढा. त्या फोटोत पैठणीवर चढवलेलं केशरी जॅकेट दिसलं तर दिसू दे. पुढच्या वर्षी तोच फोटो सगळ्यांनी मिळून बघायचाय ना? बघा, पटतंय का!